जुनी पेडल स्टील घेऊ की नको?

प्रश्न : मी मूळचा सोलापूरचा. नोकरीमुळे कोलकात्यात आलो. आता सॉल्ट लेकमध्ये घर आणि सेक्टर फाइव्हमध्ये ऑफिस. लहानपणी हार्मोनियम शिकलो, पुढे ती सुटली. मध्यंतरी जुनी अमेरिकन कंट्री गाणी ऐकताना पेडल स्टील गिटारचा आवाज कानात बसला, तो काही निघेना. अटलांटाजवळ राहणारा माझा आतेभाऊ डिसेंबरात येतो आहे. त्याने १९७० च्या दशकातली एक शो-बड मॅव्हरिक आणि त्याहून जुनी एक फेंडर ४०० हेरून ठेवली आहे. यातली कुठली घ्यावी? जुनी वाद्यं जास्त गोड वाजतात, हे इथेही खरं का? शेजारच्या बौदी म्हणतात, ‘आमच्या माळ्यावर हवाइयन गिटार पडून आहे, तीच ने.’ ती आणि ही एकच का? – एक वाचक, सॉल्ट लेक, कोलकाता

उत्तर : आतेभावाला आजच कळवा, दोन्ही नकोत. वाद्यं वाईट नाहीत, जाणत्याच्या हातात दोन्ही सुरेख वाजतात. पण शिकाऊ माणसाने पहिलं वाद्य म्हणून घेण्यासारखी ती नव्हेत. आणि बौदींना ‘येतो’ म्हणून सांगा. कारणं पुढे सांगतो. त्यासाठी आधी या वाद्याच्या पोटात शिरावं लागेल.

मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवत वाजवायची ती स्टील गिटार. दांडा सरळ असतो. त्यामुळे तारा ज्या सुरांत लावल्या, त्यांचं आपसातलं नातं कायम राहतं. सा-ग-प लावलं असेल तर दांडा कुठेही न्या, सा-ग-पच मिळणार, फक्त षड्ज बदललेला. दांडा तिरका धरून थोडी सुटका होते, पण थोडीच. यावर तोडगा म्हणून पायाने तारा ताणायची यंत्रणा आली. गिब्सन कंपनीने १९४० च्या सुमारास ‘इलेक्ट्राहार्प’ नावाचं असं वाद्य काढलं होतं. पण त्या काळी पेडल ही मुख्यतः तारांची जुळणी बदलायची सोय होती. बड आयझॅक्सने वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात तारा वाजत असतानाच पेडल दाबलं, सूर ऐकणाऱ्याच्या कानादेखत वर चढला, आणि १९५४ साली ते गाणं गाजल्यावर अमेरिकेतले स्टीलवादक आपापल्या वाद्यांना पेडलं बसवून घेऊ लागले.

आज ज्या जुळणीवर बहुतेक लोक शिकतात तिला ई-नाइन्थ म्हणतात. दहा तारा, तीन पेडलं, आणि गुडघ्यांनी डावी-उजवीकडे ढकलायच्या चार-पाच कळा. तुम्ही हार्मोनियमवाले, म्हणून सरगमातच सांगतो. ‘ई’ला षड्ज माना. पहिलं पेडल पंचमाला धैवतावर नेतं, दुसरं गांधाराला मध्यमावर. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-पचं सा-म-ध होतं आणि दांडा जागचा हललेलाही नसतो. षड्ज स्थिर, त्याच्या शेजारचे दोन सूर मात्र वर चढत जातात. तुमच्या कानात बसलेला आवाज तो हाच. मींड आपल्याला नवी नाही. पण आपल्या मींडेत सगळा सूरच प्रवासाला निघतो. इथे एक घरी बसतो आणि बाकीचे निघतात.

गुडघ्याच्या कळांपैकी एक षड्जाला अर्ध्या सुराने उतरवून शुद्ध निषादावर आणते; नि-ग-प झालं की कॉर्ड लगेच उदास, म्हणजे मायनर होते. दुसरी त्याच षड्जाला कोमल रिषभावर चढवते. या दोन कळांखेरीज आजचा कुठलाही पाठ पुरा होत नाही. शिकवणारा तिसऱ्या-चौथ्या धड्यातच ‘आता डावा गुडघा’ म्हणतो, आणि वाद्याला ती कळच नसेल तर तुम्ही तिथेच अडकता.

मॅव्हरिकचं दुखणं हेच. शो-बड हे नाव शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांच्या नावांतून झालं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर नॅशव्हिलमध्ये सुरू झालेली ही कंपनी पेडल स्टीलमधल्या मोठ्या घराण्यांपैकी एक. पण मॅव्हरिक हे त्यांचं विद्यार्थ्यांसाठी काढलेलं स्वस्त मॉडेल. तीन पेडलं आणि गुडघ्याची कळ बहुधा एकच. आणखी कळा बसवता येतात, पण आतली यंत्रणा त्या हिशेबाने केलेली नसल्याने ते काम खर्चिक आणि कटकटीचं. विद्यार्थ्यांसाठी म्हणून बनलेलं वाद्य विद्यार्थ्याने घेऊ नये, असा हा उलटा प्रकार आहे. अमेरिकेतले जुने वादकही नवशिक्याला हेच सांगतात.

फेंडर ४००ची गोष्ट वेगळी. ती आठ तारांची, पेडलपासून तारेपर्यंत ओढ पोचवायला सळ्यांऐवजी केबली, आणि मूळ वाद्याला गुडघ्याच्या कळा नाहीतच. फ्लाइंग बरिटो ब्रदर्सचा स्नीकी पीट क्लाइनो याच वाद्यावर, स्वतःच्या वेगळ्या जुळणीवर वाजवायचा आणि त्याने त्यातून चमत्कार काढले. पण तो स्नीकी पीट. तुम्ही जे पाठ बघणार ते दहा तारांचे, आणि आठ तारांवर त्यांचं भाषांतर करत बसणं हे शिकणं नव्हे.

आता ‘जुनं ते गोड’. व्हायोलिन, सतार, तानपुरा यांच्याबाबतीत या म्हणण्याला अर्थ आहे, कारण तिथे लाकूडच आवाज करतं. पेडल स्टीलची फळी बहुधा मॅपलची. वर लॅकर, नाहीतर चक्क मायका, आपण ज्याला सनमायका म्हणतो तसा. या फळीचाही आवाजात वाटा असतो आणि जाणकार त्यावर तासन्‌तास भांडतात. पण वाद्य उलटं करून पाहा. खाली आडव्या दांड्या, त्यांवर कोनात बसवलेले खटके, खटक्यांपासून निघालेल्या ओढसळ्या, आणि टोकाला तारांची बोटं फिरवणारा ‘चेंजर’ नावाचा पोलादी-ॲल्युमिनियमचा ठोकळा. अर्धं वाद्य म्हणजे यंत्र आहे, आणि यंत्र वयाने गोड होत नाही, झिजतं. जुनी बजाज स्कूटर घेताना माणूस रंग बघत नाही, गल्लीतल्या मेकॅनिकला तिची सवय आहे का ते बघतो. इथेही तोच हिशेब, आणि कोलकात्यात तो मेकॅनिक बहुधा तुम्हालाच व्हावं लागेल.

म्हणून जुनी घ्यायचीच असेल तर माझी पसंती सांगतो. एक मान, दहा तारा, ई-नाइन्थ, तीन पेडलं आणि किमान चार कळा. त्यातही ‘ऑल-पुल’ यंत्रणेची, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही सळ्या ओढूनच करणारी. १९७० च्या दशकातल्या डॅलसच्या एमएसएच्या स्टील अशा असतात. जड, दणकट, दिसायला फारशा देखण्या नाहीत, पण कोणता स्क्रू फिरवला की काय होतं हे पंधरा मिनिटांत कळतं. त्याच दशकातल्या शो-बडच्या प्रोफेशनल मॉडेलांचा आवाज मला जास्त आवडतो. पण त्यांतल्या काहींच्या यंत्रणेत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आहेत, आणि ते पन्नास वर्षांनी तडकतात. बदली भाग मिळतात, अमेरिकेत. तिसरं नाव एमन्स. शो-बडमधून बाहेर पडून बडी एमन्सने १९६० च्या दशकात स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तिथल्या ‘पुश-पुल’ यंत्रणेच्या स्टीलला आजही भक्त आहेत, आणि आवाज ऐकल्यावर ते का भक्त आहेत हेही कळतं. पण ती लावणं म्हणजे एक स्क्रू फिरवला की दुसरा बिघडतो, दुसरा सुधारला की पहिला. पहिलं वाद्य म्हणून एमन्स पुश-पुल घेणं हे धाडस मी तुम्हाला करू देणार नाही.

दोन मानांची, म्हणजे वीस तारांची स्टील स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. दुसरी मान सी-सिक्स्थ या जॅझकडे झुकणाऱ्या जुळणीसाठी असते. ती दोन-तीन वर्षं तुमच्या उपयोगाची नाही, आणि केससकट वजन तीस किलोंच्या पुढे जाऊ शकतं. आतेभाऊ कितीही प्रेमाचा असला तरी त्याच्या पाठीचा विचार करा. विमानात सामानाच्या एका नगाला सहसा २३ किलोंची मर्यादा असते. एका मानेची स्टीलसुद्धा केससकट त्या रेषेला टेकते. पाय, पेडलपट्टी आणि उभ्या सळ्या सुट्या होऊन केसमध्ये बसतात, पण या सळ्या पेडलपट्टीपासून वेगळ्या पिशवीत राहून विसरल्या जातात. त्या मोजून घ्यायला सांगा. विमानतळावर वाद्य जाहीर करून सीमाशुल्क भरायची तयारी ठेवा आणि विक्रेत्याची पावती जवळ ठेवा.

आतेभाऊ वादक नसेल तर त्याच्याकडून काय तपासून घ्यायचं? मोबाइल आणि एक फुकटचं ट्यूनर ॲप पुरे. प्रत्येक पेडल दाबून सोडायचं आणि सोडल्यावर तार पुन्हा नेमक्या जागी येते का ते बघायचं. कधी येते, कधी थोडी चढी राहते, असं झालं तर चेंजरमध्ये घाण साठलेली आहे. जुन्या तेलाची लाख झालेली असते. हे दुरुस्त होतं. नॅफ्थ्याने धुऊन, सुकवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब दिला की बऱ्याचदा वाद्य ताजंतवानं होतं. विक्रेत्याने हे केलेलं नसेल तर भावात घासाघीस करायला ते उत्तम निमित्त.

दुसरी तपासणी : चौथी तार, म्हणजे षड्जाची, वाजवत ठेवायची आणि पहिली दोन पेडलं एकदम दाबायची. त्या तारेला पेडल लागलेलं नसतानाही ती किंचित उतरते, कारण ओढीने सगळी चौकटच वाकते. प्रत्येक पेडल स्टीलमध्ये हे थोडंफार असतं. ट्यूनरवर दोन-चार सेंटांची घट कुणाच्या ध्यानातही येत नाही. दहाच्या पुढे जात असेल तर ते वाद्य सोडा. तिसरं, डोक्याकडच्या नटवरच्या छोट्या चकत्या बोटाने फिरतात का. त्या अडकल्या असतील तर तारा तुटतात आणि वादक तारांना दोष देत बसतो. आणि चौथं, त्याला म्हणावं, तू स्वतः बैस. पायांची उंची बदलता येते, पण किती ते वाद्यावर अवलंबून. गुडघे खाली नीट मावले पाहिजेत आणि कळांपर्यंत पोचले पाहिजेत. अमेरिकन सहा फुटी वादकाने बसवून घेतलेल्या कळा आपल्या मापाच्या असतीलच असं नाही. मात्र बऱ्याच मॉडेलांत त्या सरकवता येतात.

नव्या विद्यार्थी-मॉडेलांचाही विचार करा. अमेरिकेत आजही छोटे कारागीर तीन पेडलं-चार कळांची साधी, हलकी स्टील बनवतात. किंमत हजार डॉलरांच्या वर जाते, पण ती पहिल्या दिवसापासून सुरात असते आणि काही बिघडलं तर बनवणारा मेलला उत्तर देतो. ‘व्हिंटेज’ची हौस दुसऱ्या वाद्यावर भागवा.

आता बौदींचा माळा. तुम्ही बसला आहात ते शहर या बाबतीत साधं नाही, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

गिटार आडवी ठेवून दांड्याने वाजवायची रीत हवाईची. ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकु या शाळकरी मुलाने १८८९ च्या सुमारास ती रूढ केली, असं मानतात. त्याच्याआधी हवाईत पोचलेला गेब्रिएल डेव्हियन नावाचा एक भारतीय मुलगा असंच काहीतरी वाजवायचा, अशीही एक जुनी कथा आहे. ती खरी ठरली तर आपल्याला मिरवायला बरी. विचित्रवीणा आणि दक्षिणेतला गोट्टुवाद्यम ही आपली सरकत्या दांड्याची वाद्यं आहेतच. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाइयन वादक अमेरिकेला वेड लावून गेले आणि ते वेड जगभर पसरलं. बाजारात आलेली पहिली विजेची गिटारसुद्धा उभी धरायची नव्हती. रिकनबॅकरची १९३२ ची ‘फ्राइंग पॅन’ ही मांडीवरची हवाइयन गिटारच होती.

कोलकात्यात हे वेड ठाण मांडून बसलं. सामोआत जन्मलेला ताउ मोए आपल्या कुटुंबासह जगभर कार्यक्रम करत फिरायचा; दुसऱ्या महायुद्धाची वर्षं या कुटुंबाने भारतात काढली. त्याच्याकडून शिकलेला कोलकात्याचा अँग्लो-इंडियन वादक गार्नी निस आणि त्याचे ‘अलोहा बॉइज’ यांच्या तबकड्या निघाल्या. मग बंगाली मध्यमवर्गाने ही गिटार घरात घेतली. सुजित नाथ, काझी नझरुल इस्लामांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध, बटुक नंदी, सुनील गांगुली. रवींद्रसंगीत, नझरुलगीती, हिंदी चित्रपटगीतं, सगळं या वाद्यावर वाजलं. आपल्याकडे मुंबईत व्हॅन शिप्ली होते. त्यांच्या आणि पुण्याच्या इनॉक डॅनिएल्सच्या ॲकॉर्डियनच्या सुरावटी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत वाजायच्या, त्या ज्या पिढीने ऐकल्या तिला ‘गिटार’ म्हटलं की आजही तोच घसरता आवाज आठवतो. पण महाराष्ट्रात हे वाद्य रेडिओवर राहिलं. बंगालमध्ये ते बैठकीच्या खोलीत आलं, शिकवणीला मास्तरमोशाय आले, मुली संध्याकाळी गिटार मांडीवर घेऊन बसू लागल्या. बौदींच्या माळ्यावर गिटार निघावी यात म्हणूनच नवल नाही. त्या पिढीच्या किती माळ्यांवर ती आहे, कोण मोजणार!

याच शहराच्या एका फेरीत ब्रिजभूषण काब्रांना या गिटारची ओढ लागली, असं सांगतात. जोधपूरचे काब्रा, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य; त्यांनी तिच्यावर राग उभा केला. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तुमच्या घरीही असेल, संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची आणि गिटार काब्रांची. पुढे विश्वमोहन भट्टांनी तिला तरफा जोडून मोहनवीणा केली आणि राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी १९९४ चं ग्रॅमी मिळवलं. काब्रांचेच शिष्य, कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य, यांनी चतुरंगी बनवली.

या सगळ्यांत एकानेही पेडलं लावली नाहीत. कारण सरळ आहे. राग एका ओळीत चालतो. त्याला एका तारेवरची मींड पुरते. पेडल लागतं ते दोन-तीन सूर एकदम वाजत असताना त्यांतला एकच हलवायचा असेल तेव्हा. म्हणून वाद्य घेण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न कोणती कंपनी हा नाही. तुम्हाला यमन वाजवायचा आहे, की तो सा-ग-पचा सा-म-ध होताना ऐकायचा आहे? पहिलं उत्तर असेल तर अमेरिकेतून काहीच आणू नका. दुसरं असेल, आणि तुमच्या पत्रावरून तेच दिसतं, तरीही सुरुवात बौदींच्या गिटारवर करा.

का, तर दोन्ही वाद्यांत हाताचं काम जवळपास तेच आहे. दांडा पडद्याच्या मागे नव्हे, बरोबर पडद्यावर धरायचा. दांड्यामागच्या तारा मोकळ्या बोटांनी दाबून गप्प करायच्या. उजव्या हातात अंगठ्याला आणि दोन बोटांना पिक घालायचे, आणि वाजवून झालेली तार तळहाताने थांबवायची. हे शेवटचं सगळ्यात अवघड. नवशिक्याची पेडल स्टील घाणेरडी वाजते ती पेडलांमुळे नाही, न थांबवलेल्या तारांमुळे. ते मांडीवरच्या सहा तारांवर शिकून घेतलं तर पुढे फक्त पाय आणि गुडघे शिकायचे उरतात. शिवाय हवाइयन शिकवणारे तुमच्या शहरात आजही भेटतात. पेडल स्टीलचे गुरू मात्र तुम्हाला बहुधा संगणकाच्या पडद्यावरच गाठावे लागतील.

माळ्यावरची गिटार बघताना स्पॅनिश गिटारचे निकष लावू नका. मान थोडी वाकली असेल तर घाबरायचं कारण नाही. तारा पडद्यांना टेकतच नाहीत, त्या उंच नटवरून जातात. ब्रिज उखडतोय का आणि त्याच्यामागे फळी फुगली आहे का, ते बघा. ते असेल तर सुताराकडे नव्हे, लालबाजारच्या रवींद्र सरणीवर वाद्यवाल्यांकडे न्या. आता मेट्रोने सेक्टर फाइव्हहून थेट महाकरण स्टेशनला उतरता येतं, तिथून चालत. नट हरवला असेल तरी तोही तिथेच मागा. माळ्यावरचं काहीच कामाचं निघालं नाही तर कोलकात्यातच बनणारी गिवसनसारखी साधी गिटार घेऊन तिच्यावर उंच नट बसवा; पहिल्या वर्षासाठी पुरे.

तुम्ही हार्मोनियमवाले आहात म्हणून एका गोष्टीची सूचना, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. पेडल स्टील ट्यूनरच्या सुईवर लावायची नसते. सगळ्या तारा ट्यूनरप्रमाणे बरोबर लावल्या तर ती हार्मोनियमसारखी, म्हणजे गांधाराला थोडी चढी वाजते, आणि त्या लांबत जाणाऱ्या सुरांत हे चढेपण सहन होत नाही. म्हणून वादक गांधार सुमारे चौदा सेंट उतरवून लावतात. जेफ न्यूमन या शिक्षकाने कोणती तार किती उतरवायची याचे तक्ते छापले, ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. हा उतरवलेला गांधार म्हणजे नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गांधारच. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि श्रुतींची हार्मोनियम करवून घ्यायची खटपट केली, ती याच फरकापायी. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं, त्यामागच्या तक्रारींतही ही एक होतीच. नॅशव्हिलच्या वादकांनी देवल वाचलेले नसणार, पण कानाने ते तिथेच पोचले. तुम्ही तानपुऱ्याशेजारी बसून गांधार ओळखायला शिका, ॲप नंतर उघडा. दुसरं पेडल दाबल्यावर येणारा मध्यम मात्र शुद्ध, षड्जाशी जुळवून; आणि पहिलं पेडल दाबल्यावरचा धैवत त्या मध्यमाचा गांधार म्हणून पुन्हा उतरता. एकदा हे डोक्यात बसलं की तक्ता लागत नाही.

वीज : स्टीलला स्वतःला वीज लागत नाही, ॲम्प्लिफायरला लागते. आतेभावाकडून जुना अमेरिकन ॲम्प मागवू नका. तो ११७-१२० व्होल्टांचा आणि ६० हर्ट्‌झचा; इथल्या २३० व्होल्टांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही ५० हर्ट्‌झवर त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापू शकतो. स्वच्छ आवाजाचा, हेडफोनची सोय असलेला छोटा ॲम्प इथेच घ्या. त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे व्हॉल्यूम पेडल. डावा पाय पेडलांवर, उजवा व्हॉल्यूमवर. तार छेडल्यावर सूर विरू लागतो तसतसा उजवा पाय आवाज वाढवत जातो, म्हणून स्टीलचा सूर इतका लांब वाटतो. हे पेडल वाद्याबरोबर बहुधा येत नाही.

दमट हवेबद्दल. तुमचं नगर मुळात खाऱ्या पाणथळीत हुगळीचा गाळ पंपाने टाकून उभं राहिलेलं, आणि कोलकात्यात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकडापेक्षा गंजाची काळजी करा. वाजवून झाल्यावर तारा आणि दांडा कोरड्या फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर वाद्य केसमध्ये बंद न ठेवता पंख्याच्या खोलीत, पातळ सुती कापडाखाली उभंच राहू द्या. दर पावसाळ्याआधी चेंजरच्या आसाला तेलाचा थेंब. थेंब म्हणजे थेंब; जास्त ओतलंत तर पुढच्या मालकाला लाख काढायचं काम.

आणि तारा. तिसरी तार, उंच गांधाराची, ०.०११ इंचांची. दुसरं पेडल तिलाच रोज शेकडो वेळा ताणतं, म्हणून तीच सगळ्यात आधी तुटते. दहा तारांचा ई-नाइन्थ संच इथे हाताशी मिळेल याचा भरवसा नाही, तो आतेभावाकडून तीन-चार मागवा, पण ०.०११ची सुटी तार साध्या विजेच्या गिटारसाठीही लागते, ती कोलकात्यात मिळते. डझनभर घेऊन ठेवा.